ऊन कुठल्या गॅलरीत येतं?

‘ऑफिस टाइम’ हे काय फुलाचं नाव झालं? जाई, जुई, अबोली, अनंत अशी नावं ज्या भाषेत आहेत, तिथे एका गोजिरवाण्या फुलाच्या नशिबी हे नाव यावं! दुसरं नाव ‘चिनी गुलाब’, पण त्याचीही गंमतच. हे झाड चीनचं नाही आणि गुलाबाशी त्याचं दूरचंही नातं नाही. मूळचं ते दक्षिण अमेरिकेतलं, म्हणजे अर्जेंटिना, उरुग्वे आणि ब्राझीलचा दक्षिणेकडचा भाग इकडचं. १८२९ साली हूकर नावाच्या इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञाने त्याचं ‘पोर्चुलाका ग्रँडिफ्लोरा’ असं बारसं केलं. तिथल्या रेताड, कोरड्या, रणरणत्या माळावरचं हे झाड आज पुण्यात चाळीच्या पत्र्यावर, वाड्याच्या कठड्यावर, फ्लॅटच्या गॅलरीत कुठेही आपलंच असल्यासारखं नांदतं आहे. माहेरचं नाव पुसून गेलं तरी सासरी रुळलेल्या बायकांसारखं!

पण मी शाळेत भूगोल शिकवते (अर्धवेळच, दुपारच्या सत्रात), त्यामुळे मला ‘ऑफिस टाइम’ हेच नाव जास्त आवडू लागलं आहे. बिहार-उत्तर प्रदेशात ह्याच फुलाला ‘नौ बजिया’ म्हणतात, बंगालात ‘टाइम फूल’, आणि केरळात म्हणतात ‘पत्तुमणि’, म्हणजे दहा वाजताचं. एकच फूल, तिकडे नऊला उमलतं नि इकडे दहाला, असं कसं? आपल्या साऱ्या देशाचं घड्याळ एक असलं तरी सूर्य काही एक नाही. घड्याळात बारा वाजतात तेव्हा पुण्यात सूर्य अजून माथ्यावर यायचा असतो. आपली खरी दुपार साडेबाराच्या आसपास होते. कोलकत्याला ती आपल्या जवळजवळ तासभर आधी झालेली असते. फुलाला घड्याळ कळत नाही, त्याला ऊन आणि ऊब कळते. म्हणून पूर्वेकडच्या मंडळींना ते नऊचं वाटलं असेल आणि आपल्या पश्चिमेकडच्यांना दहाचं, ऑफिसच्या वेळेचं. हा आपला माझा तर्क हं, पण वर्गात सांगितला तेव्हा मागच्या बाकावरची मुलंसुद्धा ऐकत होती.

मला फुलझाडांची हौस आहे हे शाळेत आणि आमच्या सोसायटीत सगळ्यांना माहीत झालं आहे. त्यामुळे महिन्यातून एकदा तरी कुणीतरी विचारतंच, “अहो, तुमचा ऑफिस टाइम इतका फुलतो, आमचा नुसताच लांबतो. खत कुठलं घालता?” मग मी उलट विचारते, “तुमच्या गॅलरीत ऊन किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत येतं?” ह्यावर शंभरात नव्वद जणींचं उत्तर एकच असतं, “येतं की! चांगलं उजेडाचं घर आहे आमचं.” उजेड आणि ऊन ह्यांत फरक आहे, बायांनो! ह्या झाडाला उजेड चालत नाही, ऊनच लागतं, तेही रोज पाच-सहा तास. त्याहून कमी मिळालं की देठ लांब, फिकट, लुळे होतात आणि कळ्या धरत नाहीत. ऊन कमी पडलेल्या झाडाला खत घालणं म्हणजे भूक नसलेल्या पोराला भरवणं. नुसती पानं वाढतात.

हे झाड इतकं उन्हाचं लोभी कसं, ते त्याच्या पानांकडे पाहिलं की कळतं. सुईसारखी, पण गुबगुबीत पानं, नखाने चेपलं तर पाणी निघतं. प्रत्येक पान म्हणजे पाण्याचा इवलासा रांजण. पाण्याचा फारच तुटवडा झाला तर हे झाड पानांवरची बारीक छिद्रं दिवसा मिटून घेतं आणि गार रात्री उघडून हवा आत ओढतं, म्हणजे दिवसाउजेडी पाणी उडून जात नाही. काटकसरी गृहिणीसारखा सगळा कारभार! ह्याचीच सख्खी चुलत बहीण आपल्या ओळखीची आहे बरं का. पावसाळ्यात मंडईत जुड्या येतात ती घोळाची भाजी. तीच लालसर देठं, तीच रसदार पानं, फक्त चपटी, आणि फूल पिवळं, अगदी बारीक. आमच्याकडे ती ताकातली, बेसन लावून करतात. कुंडीत आपोआप उगवलेली घोळ मी उपटून टाकत नाही, आमटीत टाकते. (मूतखड्याची तक्रार असलेल्यांनी मात्र घोळ बेतानेच खावी. आणि नर्सरीतून आणलेला ऑफिस टाइम कुणी भाजी म्हणून चिरायला घेऊ नये, त्याच्यावर काय काय फवारलेलं असतं कुणास ठाऊक.) ह्या फुलांचा तो झगझगीत गुलाबी-जांभळा रंग असतो ना, तो गुलाब-जास्वंदीच्या रंगांच्या जातीचा नाही, बिटाच्या रंगाच्या जातीचा आहे. बोगनवेल, लाल राजगिरा ही सगळी त्याच घराण्यातली. हे वाचल्यापासून कोशिंबिरीसाठी बीट किसताना मला उगीचच गॅलरीची आठवण होते.

बाकी त्याची बडदास्त अशी काही नाही. पुण्याची काळी माती एकटी कधी वापरू नका, ती पाणी धरून ठेवते आणि वाळली की दगड होते. निम्मी लाल माती, निम्मी जाड वाळू किंवा बारीक मुरूम, त्यात मूठभर जुनं शेणखत, एवढं पुरे. कुंडी उथळ हवी, पसरट, सहा इंचांची खोली पुष्कळ झाली. तळाच्या भोकावर खापरी ठेवायला विसरू नये. वरची माती बोटाला कोरडी लागली की पाणी, नाही तर नाही. खाली ताटली ठेवूच नका. मुळं कुजतातच, शिवाय साठलेल्या स्वच्छ पाण्यात डेंग्यूचे डास होतात. बी खसखशीहून बारीक असतं. फुलानंतर टाचणीच्या डोक्याहून थोडी मोठी डबी धरते, तिचं झाकण आपोआप गळून पडतं नि आत काळं-करडं बी दिसतं. ते मातीवर नुसतं भुरभुरायचं, वर माती लोटायची नाही, कारण त्याला रुजायलासुद्धा उजेड लागतो! पण बियांच्या फंदात कशाला पडा? शेजारणीकडून दोन-तीन इंचांचा फाटा मोडून आणावा, खालची पानं काढून ओलसर वाळूत खोचावा, आठ-दहा दिवसांत तो मुळं धरतो. दुहेरी पाकळ्यांच्या जातींना बी फारसं धरतच नाही, त्यांना हाच उपाय. देठांच्या बेचक्यांत पांढरा कापूस दिसला तर तो पिठ्या ढेकूण. साबणाच्या पाण्यात बुडवलेल्या बोळ्याने पुसून घ्यावा. झालं.

खरी विद्या पुढेच आहे, ती म्हणजे आपल्या घरात ऊन कुठे पडतं ते ओळखण्याची. ही कुठल्या नर्सरीत विकत मिळत नाही, आणि फ्लॅट विकणाराही सांगत नाही. तो ‘भरपूर सूर्यप्रकाश’ एवढंच छापतो!

आमचा फ्लॅट कर्वेनगरात, तिसऱ्या मजल्यावर. हॉलची गॅलरी दक्षिणेला, आणि स्वयंपाकघराला लागून साडेतीन फूट बाय सात फुटांची ड्राय बाल्कनी पूर्वेला. आम्ही राहायला आलो ते डिसेंबरात. तेव्हा दक्षिणेच्या गॅलरीत सकाळपासून संध्याकाळपर्यंत ऊन नुसतं सांडलेलं असायचं, थेट हॉलच्या दाराच्या आत चार फुटांपर्यंत. सगळ्या कुंड्या तिथेच मांडल्या. मार्चपासून मात्र ते मागे सरकू लागलं, म्हणून मी दर महिन्याच्या २१ तारखेला भर दुपारी फरशीवर खडूने रेघ मारायला सुरुवात केली. मार्चची रेघ गॅलरीच्या तीन फूट आत, एप्रिलची जेमतेम फूटभर, आणि मे महिन्यात रेघ मारायला ऊनच नाही! बाहेर अंगाची लाही होते आहे आणि आमच्या दक्षिणेच्या गॅलरीत थेट ऊन औषधालासुद्धा नाही.

कारण अगदी साधं आहे. पुण्यात मेच्या मध्याला सूर्य दुपारी बरोबर डोक्यावर येतो. त्या दिवशी उभ्या काठीची सावली पडत नाही, मुलांना मैदानावर नेऊन दाखवण्यासारखी मजा असते. त्यानंतर तो आपल्या उत्तरेला जातो आणि जुलैअखेर पुन्हा डोक्यावरून दक्षिणेकडे परततो. ह्या अडीच महिन्यांत दक्षिणेच्या भिंतीला दिवसभरात एकदाही ऊन लागत नाही, उलट उत्तरेच्या गॅलरीत सकाळ-संध्याकाळ येतं. डिसेंबरात तो दक्षिणेकडून तिरका येतो, तेव्हा दक्षिणेची गॅलरी म्हणजे चैन. पूर्वेची मात्र बाराही महिने सकाळपुरती भरवशाची. तेव्हा नवा फ्लॅट पाहायला जाणाऱ्या मैत्रिणींनी जूनमध्ये पाहिलेलं घर डिसेंबरात कसं असेल, हे डोळे मिटून एकदा मनाशी करून पाहावं. आमच्या ह्यांनी तेव्हा फक्त पार्किंग पाहिलं होतं.

उन्हाचा हा हिशेब मी फुलांसाठी मांडला खरा, पण तो उपयोगी पडला तो वेगळ्याच कामाला.

सासूबाई आता एकोणऐंशी वर्षांच्या आहेत. त्यांचं सगळं आयुष्य शनिवार पेठेतल्या वाड्यात गेलं. २०१३ साली वाडा पाडायचं ठरलं, भाडेकरू-मालक सगळ्यांनी आपापलं घेतलं, नि आम्ही इकडे आलो. वाड्याच्या चौकातलं ऊन हे त्या वाड्यातलं एकमेव सामाईक धन होतं. सकाळी एका कोपऱ्यात, दुपारी दुसऱ्या. पापड, सांडगे, गाद्या, न्हालेल्या पोरी, बाळंतिणी, सगळं त्याच्या मागेमागे सरकत असे. आणि हौदाच्या कठड्यावर तेलाच्या पत्र्याच्या डब्यांत हीच ऑफिस टाइमची फुलं. निघताना सासूबाईंनी ट्रंकेआधी त्यांतले फाटे ओल्या फडक्यात गुंडाळून घेतले होते. आज माझ्याकडे जे आहे ते सगळं त्या फडक्यातून आलेलं. नव्या घरात पाऊल टाकल्यावर त्यांनी ना संगमरवरी ओट्याकडे पाहिलं, ना लिफ्टचं कौतुक केलं. विचारलं एवढंच, “इथे ऊन कुठं बसतं?”

ते दक्षिणेच्या गॅलरीत बसत होतं, म्हणून त्याही तिथे बसू लागल्या. दिवाळीपासून होळीपर्यंत त्यांची वेताची खुर्ची, गुडघ्यांवर शाल, शेजारी कुंड्या. दहा वाजता फुलं उमलायची, चार वाजेपर्यंत मिटायची. त्यांचंही तेच.

तीन वर्षांपूर्वी समोरचा बंगला पाडला. छान आंबा होता त्यांच्या अंगणात, तो गेला. पत्रे लागले, खड्डा खणला, आणि अकरा मजल्यांची इमारत वर येऊ लागली. सातवा स्लॅब पडला तेव्हा मी कागद-पेन्सिल घेऊन बसले. मधलं अंतर साधारण चाळीस फूट, आमच्या गॅलरीपासून त्यांची उंची पूर्ण झाल्यावर होणार ऐंशी फुटांच्या घरात. दुपारचा सूर्य तितक्या उंचीवरून दिसायचा तर तो त्रेसष्ट अंशांच्या वर हवा, आणि पुण्यात डिसेंबरात तो चढतो अठ्ठेचाळीस अंशांपर्यंतच. हिशेब असा निघाला की ऑक्टोबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंत आमच्या गॅलरीत भर दुपारीही ऊन येणार नाही. आणि मार्चनंतर तर वरच्या स्लॅबमुळे ते तसंही वीतभरच असतं. म्हणजे गॅलरीचं ऊन गेलंच.

मी तो कागद ह्यांना दाखवला. ते म्हणाले, “आपण तक्रार करू शकतो का?” वकिलांना विचारलं. सगळं नियमाप्रमाणे होतं. नियमात उन्हाची बाजू मांडायला कुणी नव्हतं, एवढंच. गच्चीचा विचार झाला. पण लिफ्ट शेवटच्या मजल्यापर्यंत, पुढे चौदा पायऱ्या, नि सासूबाईंचे गुडघे त्यांतल्या चारांनाच होकार देतात.

राहिली ती स्वयंपाकघरामागची पूर्वेची ड्राय बाल्कनी. तिथे कपडे धुण्याचं मशीन, केरसुण्या, रिकाम्या बरण्या आणि रद्दी. ते मशीन न्हाणीघरात हलवलं तर एक खुर्ची आणि तीन कुंड्या सहज मावतील, हे मला पहिल्याच दिवशी दिसलं होतं. दिसलं होतं, पण मी बोलले नाही. का, ते इथे सांगते, कारण वाचणाऱ्या पुष्कळ जणींना ते न सांगताही कळेल.

आमच्याकडे लेक सातला शाळेत जाते, हे साडेआठला डबा घेऊन बाहेर पडतात. मी निघते पावणेबाराला. त्यामधले नऊ ते अकरा हे दोन तास स्वयंपाकघर माझं एकटीचं असतं. रेडिओ हळू आवाजात, दुसरा चहा, एका बाजूला आमटी उकळते आहे नि ओट्यावर सातवीच्या वह्या तपासते आहे. आमटीचे डाग पडलेल्या वह्या मुलं ओळखतात! त्या दोन तासांत मला कुणी काही विचारत नाही, कुणी काही सांगत नाही. लग्नाला चौदा वर्षं झाली, दिवसातला एवढाच तुकडा माझा म्हणून मी राखला आहे. आणि डॉक्टर सांगत होते की अगदी कोवळ्या उन्हाचा हाडांना फारसा उपयोग नाही, ‘ड’ जीवनसत्त्व हवं असेल तर दहाच्या पुढचं ऊन अंगावर घ्या. म्हणजे बरोबर तेच दोन तास. ऑफिस टाइम!

एक महिना मी मनाशीच वाद घातला. मग दसऱ्याला विषय काढला. मला वाटलं होतं, सासूबाई लगेच हो म्हणतील. त्या म्हणाल्या, “नको. मी हॉलमध्येच बरी.” मी आग्रह केला तर म्हणाल्या, “तुझ्या पाठीशी मी येऊन बसायचं? माझ्या सासूबाई सत्तावीस वर्षं चुलीच्या उंबऱ्याशी बसून होत्या. वाईट नव्हत्या हो, एक शब्द वाकडा बोलल्या नाहीत. पण बसून होत्या.” आणि पुन्हा वर्तमानपत्रात डोकं घातलं.

त्यावर मी काय बोलणार? मशीन तरीही हलवलं, कारण निदान कुंड्या तरी जगायला हव्या होत्या. ह्यांनी प्लंबरला बोलावण्यापासून पाइपच्या किमतीपर्यंत यथासांग कुरकुर केली. तीन पसरट कुंड्या पूर्वेच्या जाळीत गेल्या, गर्द गुलाबी, पिवळी आणि पांढऱ्यावर गुलाबी शिंतोड्यांची. हॉलच्या गॅलरीत मुकी झालेली झाडं तिथे पंधरा दिवसांत कळ्यांनी भरली. सासूबाई हॉलमध्ये दोन स्वेटर घालून बसत आणि गुडघे चोळत.

पण फूल उमललेलं पाहिल्याशिवाय त्यांना चैन पडेना. दहाच्या सुमारास त्या हळूच येत, दाराची चौकट धरून उभ्या राहत, “तीन आलीत आज,” म्हणत नि परत जात. पुढे “सात आलीत” म्हणून जरा जास्त उभ्या राहू लागल्या. ऊन पाठीवर येत होतं, ते त्यांना आवडत होतं, हे मला फोडणी करताना दिसत होतं. एक रविवार लेक घरी होती. तिने आजीला दाखवलं की पिवळ्या फुलाच्या मधल्या केसरांना काडीने हळूच शिवलं की ते आपोआप हलतात, गुदगुल्या केल्यासारखे. माशी बसली की परागकण तिच्या अंगाला लागावे म्हणून ही युक्ती असते. सासूबाईंनी त्या फुलांच्या संगतीत पन्नास वर्षं काढली होती, पण हे त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. मग दोघी जणी अर्धा तास वाकून एकेका फुलाला काडी लावत बसल्या. उभ्या उभ्या किती वेळ वाकणार? मी वेताची खुर्ची आणून ठेवली आणि भाजी परतायला वळले.

दुसऱ्या दिवशी खुर्ची तिथेच होती. सासूबाई आल्या, खुर्चीकडे पाहिलं, आणि ती त्यांनी स्वतःच्या हातांनी फिरवली. तोंड बाहेर रस्त्याकडे, पाठ स्वयंपाकघराकडे. मग बसल्या.

ह्या गोष्टीला आता दोन हिवाळे झाले. सगळं गोडगोड झालं असं मी म्हणणार नाही. रेडिओ त्यांना मोठा लागतो, तेव्हा आवाज वाढवावा लागतो. मोहरी तडतडली की पाठमोऱ्या असूनही “हिंग” असं पुटपुटणं ऐकू येतं, आणि त्या दिवशी नेमका मी हिंग घातलेला असतो! वह्या मी आता अकरानंतर घाईघाईने तपासते, किंवा रात्री. माझे ते दोन तास गेले हे खरं आहे, आणि ते मला अधूनमधून जाणवतं. पण पाठ करून बसलेल्या माणसाशी बोलणं सोपं जातं, हेही मला तिथेच कळलं. वाड्यातल्या बाळंतपणांच्या, भांडणांच्या, एका न झालेल्या नोकरीच्या गोष्टी त्यांनी समोरासमोर बसून कधीच सांगितल्या नसत्या. त्या रस्त्याकडे बघत सांगतात, मी कणीक मळत ऐकते. नोकरीची गोष्ट अशी, की १९६९ साली त्यांना प्राथमिक शाळेत जागा मिळत होती, आणि घरातून ‘नको’ आलं. माझी शाळेला जायची वेळ झाली की त्याच आधी घड्याळ पाहतात. मला उशीर झालेला त्यांना अजिबात खपत नाही.

आता थोडं ऋतूंबद्दल सांगते, नाही तर मला पत्रं येतील. थंडीत फुलं उशिरा, कधी अकराला उमलतात आणि संख्येने कमी येतात. घाबरून खत-पाणी वाढवू नये, पाणी उलट कमी करावं. फेब्रुवारीच्या शेवटी सगळे देठ निम्म्यावर छाटावेत आणि छाटलेले फाटे फेकून न देता दुसऱ्या कुंडीत खोचावेत. मार्च ते मे हे त्याचे राज्याचे दिवस. ढगाळ दिवशी कळ्या मिटलेल्याच राहतात आणि तशाच सुकतात, म्हणून जूनमध्ये फार मनाला लावून घेऊ नये. पावसाळ्यात मात्र कुंडी पागोळ्यांखालून हलवायलाच हवी. उन्हाने हे झाड मरत नाही, पावसाच्या ओलीने मरतं. चार फाटे कोरड्या वळचणीला वेगळे लावून ठेवावेत, म्हणजे श्रावणात बाकीचे कुजले तरी बीज राहतं.

पूर्वेच्या बाल्कनीत तीनच कुंड्या मावतात, आणि माझ्याकडे आहेत अकरा. उरलेल्या आठ एप्रिलअखेर समोरच्या दारच्या वहिनींकडे जातात. त्यांची गॅलरी उत्तरेची, हिवाळ्यात तिथे तुळससुद्धा रडते. पण उन्हाळ्यात सकाळी आणि पुन्हा चारनंतर तिथे ऊन असतं, हे मी त्यांना सांगेपर्यंत त्यांच्याही लक्षात आलं नव्हतं. ऑगस्टमध्ये कुंड्या परत येतात, मग काही गच्चीवर टाकीच्या कडेला जातात. सेक्रेटरींच्या सौभाग्यवतींनाही मी फाटे दिले आहेत, तेव्हापासून गच्चीची किल्ली मिळायला फार वेळ लागत नाही. यंदा वहिनींनी आठातल्या सहाच कुंड्या परत केल्या. शिंतोड्यांची त्यांनी ठेवूनच घेतली आहे. मी विचारलं नाही. सासूबाई म्हणाल्या, “राहू दे. फाटा आहे आपल्याकडे.”